‘बोली’ नव्हे, पसंतीक्रम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वैमानिकांच्या बढत्यांविषयी आपल्या अंकात नुकत्याच आलेल्या बातमीत ‘कॅप्टनपदासाठी वैमानिकांची बोली’ असे शब्द वापरलेले होते. बातमीतील बाकीची माहिती बहुतांशी बरोबर होती. परंतु ‘बोली’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लिलाव उभा राहतो आणि जो कमी पगारावर राबायला तयार होईल त्याच्या पदरात पद पडते, असा समज होतो. मी अमेरिकेतील एका विमान कंपनीत पंचवीस वर्षे उड्डाणे करून २०२३ मध्ये निवृत्त झालो. माझे सगळे नोकरीतले आयुष्य या ‘बिड’च्या तारखांवर चालले, म्हणून हा खुलासा करावासा वाटतो.

ज्या इंग्रजी ‘बिड’ शब्दाचे आपल्याकडे ‘बोली’ झाले, ती बिड म्हणजे पसंतीक्रम. कंपनी वर्षातून काही वेळा परिपत्रक काढते: अमुक तळावर (म्हणजे जिथून वैमानिकाचे काम सुरू होते त्या विमानतळावर), अमुक विमानावर, कॅप्टनच्या किंवा फर्स्ट ऑफिसरच्या इतक्या जागा भरायच्या आहेत. तळ, विमान आणि खुर्ची (कॅप्टनची डावी, फर्स्ट ऑफिसरची म्हणजे सहवैमानिकाची उजवी) या तिन्ही गोष्टी मिळून एक जागा होते. प्रत्येक वैमानिक आपल्या पसंतीच्या जागा क्रमाने भरतो आणि मुदत संपली की ज्येष्ठता यादीतील पहिल्या क्रमांकापासून वाटप सुरू होते. पहिल्याला हवे ते मिळते, दुसऱ्याला उरलेल्यातले हवे ते, आणि असे करत यादीच्या शेवटापर्यंत. वाटप होताना वैमानिकाचे नाव, त्याच्याविषयीचा शेरा, वरिष्ठांचे मत यांपैकी काहीही पाहिले जात नाही. पाहिला जातो तो फक्त क्रमांक. दर महिन्याच्या उड्डाणांसाठी भरायची बिड वेगळी असते, पण तिथेही आपापल्या तळावर, विमानावर आणि खुर्चीत हाच क्रमांक चालतो.

एक जागा रिकामी झाली की तिच्यामागे किती माणसे हलतात, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. बोईंग ७७७चा एक कॅप्टन निवृत्त झाला की त्याच्या जागी ७३७चा कॅप्टन जातो, त्याच्या खुर्चीत एखादा फर्स्ट ऑफिसर येतो, त्याची जागा दुसऱ्या तळावरचा कोणी मागतो आणि अखेरीस तळाशी एक नवा वैमानिक भरती होतो. यांपैकी विमान किंवा खुर्ची बदलणाऱ्या प्रत्येकाला वर्ग, सिम्युलेटर आणि परीक्षकाबरोबरची उड्डाणे असे सगळे पुन्हा करावे लागते आणि त्यात साधारण दीड-दोन महिने जातात. हा खर्च आवाक्यात राहावा म्हणून बहुतेक करारांत नवी जागा घेतल्यावर काही काळ ती सोडता येत नाही, असे कलम असते. वैमानिक त्याला ‘सीट लॉक’ म्हणतात. ते कलम मला कधी जाचक वाटले नाही.

आता क्रमांकाविषयी. तो नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळतो आणि एकाच दिवशी रुजू झालेल्यांचा आपसातला क्रम बऱ्याच कंपन्यांत वयावरून ठरतो. आमच्या तुकडीत तसाच ठरला. १९९८ साली पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी सर्वांच्या जन्मतारखा वाचून दाखवल्या, तेव्हा माझ्या शेजारी बसलेला सहकारी माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा निघाला. त्याचा क्रमांक माझ्या वर एकाने लागला. आम्ही दोघांनी हस्तांदोलन केले आणि चहा प्यायला गेलो, कारण त्या एका आकड्याचे मोल तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

ते कळले २००७ च्या शरद ऋतूत. त्या बिडमधली कॅप्टनची शेवटची जागा त्याला मिळाली आणि यादीत त्याच्या लगेच खाली मी राहिलो. पुढच्या बिडमध्ये माझी पाळी येणार, हे सगळेच धरून चालले होते. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने वैमानिकांचे सक्तीच्या निवृत्तीचे वय साठावरून पासष्टवर नेले. साठ वर्षांची ती मर्यादा १९६० पासून चालत आलेली होती. नव्या कायद्याने वयामुळे होणारी निवृत्ती पाच वर्षे जवळजवळ थांबली, त्यात २००८ ची मंदी आली आणि यादी जागच्या जागी गोठली. मी कॅप्टन झालो तो २०१३ मध्ये. अकरा दिवसांच्या फरकाने आणखी सहा वर्षे उजवीकडच्या खुर्चीत बसलो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्येष्ठतेच्या पद्धतीत नशिबाचा भाग किती मोठा आहे, हे माझ्याइतके फार थोड्यांनी अनुभवले असेल आणि तरीही मी तिच्या बाजूने लिहितो आहे, एवढे वाचकांच्या ध्यानात यावे म्हणून सांगतो.

या पद्धतीवर नेहमीचा आक्षेप असा की हिच्यात गुणवत्तेला जागा नाही. आपल्या बातमीतही तसा सूर होता. पण बिडमध्ये मिळते ती कॅप्टन होण्याची संधी; कॅप्टनपद तिथे मिळत नाही. अमेरिकेत विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसण्याच्या परवान्यासाठी २०१३ पासून सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागतो, लष्करातून किंवा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून आलेल्यांना त्यात काही सवलत असते, आणि कॅप्टन होण्यासाठी विमान कंपनीतील कामाचे १,००० तास वेगळे लागतात. त्यानंतर सिम्युलेटरमध्ये उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पाडणारा परीक्षक तुमचा ज्येष्ठता क्रमांक विचारत नाही. जो उत्तीर्ण होत नाही, तो यादीत कितीही वर असला तरी डाव्या खुर्चीत बसत नाही. गुणवत्तेची कसोटी आहेच आणि ती कडक आहे. रांगेत आधी कोण, एवढेच यादी ठरवते.

ही रांग वरिष्ठांच्या हाती नसणे किती आवश्यक आहे, हे मला कॅप्टन झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात कळले. दुपारचे उड्डाण होते, मार्गावर गडगडाटी ढगांची रांग उभी होती आणि विमानाचे हवामान रडार मधूनच बंद पडत होते. तंत्रज्ञाने ते बंद करून पुन्हा सुरू केले, पडद्यावर चित्र आले, त्याने नोंदवहीत सही केली आणि तो उतरला. आम्ही दार बंद करण्याआधीच चित्र पुन्हा गेले आणि थोड्या वेळाने आपोआप परत आले. मी ते विमान घेणार नाही असे सांगितले. कार्यालयातून एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा फोन आला. कागदोपत्री विमान ठीक आहे, प्रवासी बसलेले आहेत, पुढची तीन उड्डाणे याच विमानावर अवलंबून आहेत, हे त्यांनी आधी समजावणीच्या आणि मग चढ्या सुरात सांगितले आणि शेवटी “तुमचे नाव मी लक्षात ठेवीन” असे म्हणून फोन ठेवला. दुसरे विमान येईपर्यंत अडीच तास गेले. माझा हात थरथरत होता, हे शेजारच्या तरुण फर्स्ट ऑफिसरने पाहिले असावे, कारण त्याने न बोलता पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

त्यानंतरच्या बिडमध्ये मी तळ बदलून मागितला होता आणि माझ्या क्रमांकाला जे मिळायला हवे होते तेच मला मिळाले. त्या अधिकाऱ्यांनी नाव लक्षात ठेवले असेलही, पण वाटपात नावाला स्थान नव्हते. माझे पुढचे विमान, माझा तळ, माझ्या सुट्ट्या जर त्यांच्या मर्जीवर असत्या, तर त्या दुपारी मी ‘नाही’ म्हटले असते का? म्हटले असते असे मानायला मला आवडते. पण घरी कर्ज असलेल्या, डाव्या खुर्चीत नव्याने बसलेल्या प्रत्येक कॅप्टनकडून तेवढ्या धैर्याची अपेक्षा ठेवून विमानसेवा चालवता येणार नाही. ज्येष्ठता यादी आंधळी असते, हे खरे आहे. तिच्या त्या आंधळेपणावरच कॅप्टनचा नकार उभा असतो आणि त्या नकारावर मागे बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांचा भरवसा.

बढती मिळत असतानाही ती न मागणारे वैमानिक असतात, याचे आपल्या बातमीदाराला आश्चर्य वाटलेले दिसते. त्यात आश्चर्य काही नाही. कॅप्टन झाल्यावर वैमानिक नव्या गटात सर्वांत कनिष्ठ होतो. फर्स्ट ऑफिसर म्हणून ज्याला शनिवार-रविवार घरी मिळत होते, तो कॅप्टन म्हणून ‘रिझर्व्ह’वर बसतो, म्हणजे फोन वाजला की निघायचे, आणि सणावाराला तर फोन हमखास वाजतो. पगार वाढतो, पण वेळ आपला राहत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत कॅप्टनच्या जागा मागायला पुरेसे वैमानिक पुढे येत नव्हते, याचे हे एक मोठे कारण होते.

या पद्धतीची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. क्रमांक कंपनीचा असतो, माणसाचा नसतो. १९९१ साली ईस्टर्न आणि पॅन ॲम या दोन्ही कंपन्या बंद पडल्या, तेव्हा वीस-वीस वर्षे कॅप्टन राहिलेल्यांपैकी ज्यांनी दुसरीकडे नव्याने नोकरी धरली, ते यादीच्या तळाशी, निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी जाऊन बसले. कंपन्यांचे विलीनीकरण झाले की दोन याद्या एकात एक कशा घालायच्या, यावरून वर्षानुवर्षे भांडणे होतात. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी विकत घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या पुष्कळ वैमानिकांची रवानगी यादीच्या शेवटी झाली. पुढे २००७ मध्ये अमेरिकेला कायदाच करावा लागला, की याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्यात आणि एकमत झाले नाही तर लवादाकडे जावे.

आणि तळाचा प्रश्न तर कनिष्ठ वैमानिकाच्या घरापर्यंत पोहोचतो. ज्याच्या क्रमांकाला घराजवळचा तळ मिळत नाही, तो घर हलवतो किंवा दुसऱ्या विमानाच्या रिकाम्या जागेवर बसून कामावर येतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूअर्कहून बफेलोला जाणारे कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा बळी गेला. त्यातील सहवैमानिक महिलेचा तळ न्यूअर्कला होता आणि राहणे सिॲटलकडे. आदल्या रात्री मालवाहू विमानांनी देश ओलांडून ती कामावर आली होती. विमानाची गती घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती हे अपघाताचे मुख्य कारण ठरले, हे मी स्पष्ट नमूद करतो. पण दोघेही थकलेले असावेत, हेही चौकशीत पुढे आले. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की तळ बंद करताना किंवा लहान करताना कंपन्यांनी वैमानिकांना निदान मुलांचे शालेय वर्ष पूर्ण होईल इतकी आगाऊ सूचना द्यावी आणि ‘आज मी थकलो आहे’ असे सांगणाऱ्याला क्रमांकाने मिळते तेवढेच संरक्षण नियमानेही मिळावे. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर पुन्हा लिहावे, आणि लिहिताना ‘बोली’ हा शब्द टाळावा, ही विनंती.

माझा तो सहकारी पासष्ट वर्षांचा झाला त्या दिवशी यादीतून त्याचे नाव गेले आणि माझा क्रमांक एकाने वर सरकला. त्याने सकाळीच फोन करून माझे अभिनंदन केले. त्या क्रमांकावर मी अकरा दिवस होतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कॅप्टन