एका ईसीजीवर निश्चिंत व्हायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला हृदयविकारावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन निगेटिव्ह, मग काळजी नको’ हे (ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी) तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत. नेमकं हेच आम्हाला मागच्या आषाढात रात्री पावणेतीनला सांगितलं गेलं होतं.

माझे थोरले बंधू, वय ५४. दोनच्या सुमारास उठून बसले. जबडा दुखतोय, छातीच्या खाली कुणी दाबल्यासारखं होतंय म्हणाले. बनियन पिळून काढावा इतका घाम. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढला, नॉर्मल. ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट केली, एकच रेघ उमटली, म्हणजे निगेटिव्ह. पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ‘सकाळपर्यंत इथंच राहू का?’ असं वहिनींनी दोनदा विचारलं, तरीही.

साडेसहाला पुन्हा नेलं, तेव्हा ईसीजीच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या तिन्ही लीडमध्ये, म्हणजे हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या रेघांत, एसटी (ठोक्याच्या टोकानंतरचा रेघेचा भाग) वर चढलेली, म्हणजे हार्ट अटॅकच, आणि कार्डावर दुसरी रेघ ठळक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, पुढे अँजिओप्लास्टी झाली. दादा वाचले, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. आज ते जिन्याच्या सहाव्या पायरीला थांबतात.

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायू मरायला लागला की ते रक्तात उतरतं, आणि साध्या कार्डावर दिसण्याइतकं व्हायला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त लागतात. दादांची टेस्ट दुखणं सुरू झाल्यावर पाऊण तासात झाली होती! मोठ्या रुग्णालयांतल्या अतिसंवेदनशील चाचणीतही बहुतेकांचं रक्त एक ते तीन तासांनी पुन्हा तपासतात. ईसीजीचंही तसंच, दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी परत काढायचा असतो. आणि एसटी चढलेली दिसली, तर रक्ताच्या रिपोर्टसाठी एक मिनिटही थांबायचं नसतं. एवढ्या मोठ्या लेखात ‘पुन्हा’ हा शब्द एकदाही नाही. ती चौकट कापून फ्रिजवर लावणारे वाचक आहेत तुमचे, म्हणून दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापावी ही कळकळीची विनंती.

आणखी एक. ईसीजीची पट्टी ज्या कागदावर निघते तो उष्णतेने उमटणारा कागद असतो, काही महिन्यांतही फिका पडू शकतो. रुग्णालयांनी सोबत झेरॉक्स द्यायला हवी, यावर कुणी लिहीत का नाही? दादांची पहिली पट्टी वहिनींनी देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवली आहे. परवा नव्या डॉक्टरांना दाखवायला काढली, तर अर्धी कोरी झालेली. कोपऱ्यात नर्सबाईंनी बॉलपेनने लिहिलेली वेळ तेवढी वाचता येते, २.४०.

आपला,
एक वाचक, जि. सातारा