आईच्या खाजेच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, आधीच सांगते, रागवू नकोस. तुझ्या कप्प्यातली हायड्रॉक्सिझिनची 25 मिलिग्रॅमची पाकिटं मी घेऊन आले आहे. विचारलं असतं तर तू दिली नसतीस. आता तिथे फक्त 10 ची आहेत. डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच हे ठरलंय: रात्री एकच, झोपण्याच्या तासभर आधी. तुझी खाज खरी, रात्रीची घालमेलही खरी, आणि या गोळीने दोन्ही निवतात हेही खरं. गोळी बंद नाही केली गं, कमी केलीय.

का, तेही ऐक. तरुण माणसाच्या रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायला साधारण 20 तास लागतात, उतारवयात 29 च्या आसपास. म्हणजे रात्रीची गोळी दुसऱ्या संध्याकाळीही अंगात असते आणि वर नवी पडते. तोंडाला कोरड, पोट साफ न होणं, बोलता बोलता शब्द न आठवणं, हे सगळं तू वयावर ढकलतेस. थोडं वयाचं असेलही, पण ही गोळीही हेच करते. युरोपच्या औषध नियामकांनी 2015 मध्ये वयस्कांना ती शक्यतो देऊच नये, दिलीच तर दिवसाला 50 मिलिग्रॅमच्या वर नको, असं सांगितलं. कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तू रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेतेस, तिने पोटॅशियम उतरतं आणि हा धोका वाढतो. म्हणून ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी सांगितली आहे. घाबरण्यासारखं काही दिसलंय म्हणून नव्हे, उगाच काळजी करत बसू नकोस.

शिंका आल्या की सेटिरिझिन घ्यायची नाही. हायड्रॉक्सिझिनचं शरीरात सेटिरिझिनच होतं, म्हणजे ते दुप्पट झालं. सर्दीच्या आणि खोकल्याच्या औषधांतही बऱ्याचदा गुंगी आणणारं असंच काहीतरी असतं. झोपेची गोळी सोबत नको. ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन कुणी लिहून दिलं, तर घेण्याआधी हायड्रॉक्सिझिन चालू असल्याचं सांगायचं. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दोन नाहीत.

रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बस, दिवा लाव, मग पाय टाक. मावशीच्या वेळचं मी परत सांगत नाही.

आणि आई, निम्मी खाज कोरड्या कातडीची आहे, तिला गोळी लागतच नाही. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं जाड क्रीम, पोटऱ्या आणि पाठीला जास्त. पाठीला बाबा लावतील. कांजिण्यांत माझे दोन्ही हात धरून बसायचीस ना, खाजवू नको म्हणून? आता तुझी नखं बारीक ठेव.

बाबा, आता तुम्ही. झोप येत नाही म्हणून आईची अर्धी गोळी घेता, हे मला कळलंय. तुमच्या प्रोस्टेटला ती अजिबात चालणार नाही. लघवी अडकली की नळी घालावी लागते, आणि तुम्हाला ती किती सोसते ते आपण पाहिलंय. झोपेचं आपण वेगळं बघू, नक्की बघू, पण पाकिटाला हात लावायचा नाही.

आईला भोवळ आली, छातीत धडधडलं, ती असंबद्ध बोलू लागली किंवा अंगावर पूभरल्या बारीक पुळ्या येऊन ताप चढला, तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपली तर थेट रुग्णवाहिका. मला फोन नंतर. ईसीजीचा कागद फाइलमध्ये ठेवण्याआधी त्याचा फोटो पाठवा, नीट उजेडात काढलेला.

तुमची,
छोटी