सीताबर्डीची लढाई दाखवताना किल्ला रंगवू नका

मा. संपादक,

1817 ची नागपूरची सीताबर्डीची लढाई मैदानात उभी करून दाखवावी, असे आम्हाला मनापासून वाटते. पण मागच्या पडद्यावर किल्ला नको. तो इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिथे मोठी आणि छोटी अशा दोन उघड्या टेकड्याच होत्या. हा उघडेपणा दिसला, तरच दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या अरब सैनिकांनी छोटी टेकडी कशी घेतली ते उमगते. बंदुकीच्या दारूचा गाडा स्फोटात उडाल्याच्या गोंधळात ती पुन्हा हातची गेली, तो प्रसंगही गाळू नये. इंग्रजी नोंदींप्रमाणे ईस्ट इंडिया कंपनीकडे सुमारे 1,400 माणसे, तर भोसल्यांकडे 18,000 च्या आसपास. म्हणून दोन्ही बाजूंना सारखीच मुले उभी करू नयेत. तीनास चाळीस हे प्रमाण धरावे.

खरी मेहनत बंदुकांवर हवी. कंपनीच्या शिपायांकडे गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुका होत्या, अरबांकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या दोरीने पेटणाऱ्या. गारेच्या बंदुकीसाठी काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, थोडी दारू रंजकदाणीत, म्हणजे नळीच्या बाजूच्या छोट्या खोबणीत घालून झाकण लावायचे, उरलेली दारू नि गोळी नळीत सोडून गजाने ठासायची. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी. तोड्याची बंदूक भरताना पेटता तोडा दारूपासून जपावा लागे, त्यामुळे वेळ जाई. अंधारात तोड्यांची टोके लाल दिसत. लढाई रात्रीही चालली होती. तो प्रवेश दिवे मालवून याच ठिपक्यांवर करावा, अंगावर काटा येईल.

गार बोथट झाली, रंजक (रंजकदाणीतली दारू) दमट असली किंवा कान (नळीत आग नेणारे बारीक भोक) काजळीने बुजला, की बार फुसका जातो. कधी रंजक भपकन जळते, पण नळीतली दारू पेटत नाही. अशा वेळी नळीत डोकावू नये. दारू उशिराही पेटते. बंदुकीचे तोंड आकाशाकडे धरून थांबावे. प्रयोगात गोळी आणि कागद नळीत घालूच नयेत, ठासूही नये. गज आधीच काढून बाजूला ठेवावा. घाईत नळीत राहिलेला गज बाणासारखा सुटतो. काळ्या दारूला परवाना लागतो. शाळांनी त्या वाटेला जाऊ नये, लाकडी बंदुका आणि ढोलाचे ठोके पुरेत. दारू वापरणाऱ्यांनी प्रेक्षकांना वारा जिकडून येतो त्या बाजूला बसवावे, म्हणजे धूर त्यांच्या डोळ्यांत जाणार नाही.

– एक वाचक, महाल, नागपूर