ज्येष्ठांची औषधे वेळेनुसार बांधून मिळावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बीपी, शुगर, थायरॉईड, हृदयविकार अशा दुखण्यांसाठी कायमची औषधे घेणारे वृद्ध घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची मुले पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक किंवा पुण्याला असल्याने कोणती गोळी केव्हा घ्यायची याचा सगळा भार त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर असतो. गोळी चुकली की घरचे ‘वयामुळे विसरतात’ एवढे म्हणून मोकळे होतात. औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभे राहून हा व्यवहार वर्षानुवर्षे पाहणारा फार्मासिस्ट म्हणून मला हे निदान पटत नाही. बऱ्याचशा चुकांचे मूळ औषध ज्या स्वरूपात वृद्धांच्या हातात पडते त्यात असते, आणि ते स्वरूप बदलणे आम्हा विक्रेत्यांच्या व आरोग्य खात्याच्या आवाक्यातले आहे. दीर्घ आजारांवरची औषधे सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्म्याच्या आसपासच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले होते. तेव्हा हा दोष आपल्याकडच्या अडाणीपणाचा आहे असेही कोणी समजू नये.

सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजींची औषधांची पिशवी उघडून पाहावी. पहाटे उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, न्याहारीच्या आधी शुगरची एक, न्याहारीनंतर दुसरी, तिच्यासोबत बीपीची, दुपारी कॅल्शियम, रात्री कोलेस्टेरॉलची, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची हाडांची एक. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे सगळे ‘१-०-१’ किंवा ‘०-०-१’ अशा आकड्यांत असते. पंधरा गोळ्यांच्या स्ट्रिपऐवजी दहाच द्या, असे गिऱ्हाईक म्हणते, म्हणून आम्ही कात्रीने स्ट्रिप कापतो, आणि पुष्कळदा औषधाचे नाव व वापरण्याची अंतिम तारीख छापलेला तुकडा दुकानातच राहतो. चमकत्या फॉइलवर बॉलपेनने मारलेल्या रेघा दोन दिवसांत पुसल्या जातात. पुढच्या महिन्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीचे येते, आणि पांढरी गोल गोळी गुलाबी व लांबट होते. ‘गुलाबी गोयी सकायनी, पिवयी रातनी’ अशी रंगावर खूण धरून चालणाऱ्या आजी मग उरलेली जुनीही घेतात आणि नवीनही घेतात, म्हणजे एकाच औषधाचा दुप्पट डोस पोटात जातो. ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. अस्सल औषध ओळखण्यासाठी तो उपयोगी असेलही, पण बटणांचा फोन वापरणाऱ्या या आजींना सकाळची गोळी कोणती, हे तो सांगत नाही.

सगळ्याच चुका सारख्या गंभीर नसतात. कोलेस्टेरॉलची गोळी एखाद्या रात्री राहिली तर फारसे बिघडत नाही. परंतु सांधेवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली, तर तोंडात फोड येण्यापासून रक्तपेशी घटण्यापर्यंत परिणाम होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. लघवी वाढवणारी गोळी सकाळऐवजी रात्री घेतली की अंधारात तीनतीनदा उठणे आले, आणि त्या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर पहिलीचा अंशच अंगी लागतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळले, मग तो श्रावणी सोमवार असो की रमजानचा रोजा, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. उपवासाच्या दिवसांत डोस कसा बदलायचा हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवले पाहिजे. आमच्या भागात ते फार थोडे लोक विचारतात.

दिवसाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बांधलेली औषधे ही काही परदेशी कल्पना नव्हे. कुष्ठरोगाची बहुविध औषधोपचाराची पाकिटे आपल्या सरकारी दवाखान्यांत कित्येक वर्षांपासून २८ दिवसांच्या मांडणीत येतात. पहिल्या दिवसाचा देखरेखीखालचा मोठा डोस वेगळा आणि पुढच्या दिवसांच्या गोळ्या क्रमाने, अशी रचना असल्याने अक्षरओळख नसलेल्या रुग्णालाही आज कोणती जागा फोडायची हे कळते. क्षयरोग कार्यक्रमात अनेक वर्षे प्रत्येक रुग्णाच्या नावाची स्वतंत्र पेटी असे, पहिल्या गटासाठी लाल आणि दुसऱ्यासाठी निळी, आणि उपचार सुरू होतानाच पूर्ण कोर्सची औषधे तिच्यात राखून ठेवली जात. माला-डी च्या पाकिटात २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या अशा २८ गोळ्या ओळीने लावलेल्या असतात, त्या केवळ सवय मोडू नये म्हणून. ज्या शासनाने हे केले, त्याला बीपी-शुगरच्या वृद्ध रुग्णासाठी तशी व्यवस्था का सुचू नये, याचे मला नवल वाटते. जपानमध्ये डॉक्टरांनी तशी सूचना दिल्यास एका वेळेच्या सगळ्या गोळ्या एकाच छोट्या पाकिटात घालून देण्याची पद्धत औषधाच्या दुकानांत रूढ आहे.

आमच्या दुकानात काही ज्येष्ठ गिऱ्हाइकांसाठी आम्ही आठवड्याची २८ कप्प्यांची डबी भरून देतो: सात दिवस, आणि दर दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक रांगेवर उगवता सूर्य, ताट, मावळता सूर्य आणि चंद्र अशी चित्रे चिकटवली आहेत. डबीसोबतच्या कार्डावर ठळक मराठी अक्षरांत औषधाचे नाव, मात्रा, रंग-आकार, कशासाठी आणि अंतिम तारीख लिहिलेली असते. पुढच्या आठवड्यात डबी परत आली की कोणता कप्पा भरलेलाच राहिला ते नजरेला पडते, आणि दुपारचाच कप्पा वारंवार उरत असेल तर दुपारची गोळी सकाळी हलवता येईल का, हे डॉक्टरांना फोन करून विचारता येते. माझ्या मते डबीचा खरा फायदा हा आहे. गोळ्या नीट लावलेल्या दिसणे त्यापुढे दुय्यम.

मात्र याला पथ्ये आहेत, आणि ती न पाळता कोणी उत्साहाने डब्या भरू लागेल तर अपाय होईल. फिटवरची सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतला ओलावा शोषते, रक्त पातळ ठेवणारी डॅबिगॅट्रानची कॅप्सूल मूळ वेष्टनातून आधी काढून ठेवायची नसते, आणि छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी तर मूळ बाटलीत किंवा पट्टीतच, पण हाताशी हवी. गरजेपुरती वेदनाशामके डबीत घालू नयेत. रक्ताच्या तपासणीनुसार ज्यांचा डोस बदलतो त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्याही बाहेर ठेवलेल्या बऱ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या घरात आत त्याहून जास्त उकडते, तर पाकिटावर ‘३० अंशांच्या खाली ठेवावे’ असे छापलेले असते. म्हणून फॉइलमधून काढलेल्या गोळ्या आठवड्यापेक्षा जास्त दिवसांच्या भरू नयेत आणि डबी माठाजवळ, पण ओल न लागेल अशा जागी ठेवावी. स्ट्रिपचे एकेक गोळीचे तुकडे कापून कप्प्यात टाकणे तर टाळाच. धारदार कोपऱ्यांचा फॉइलसकट तुकडा गिळला जाऊन अन्ननलिकेला इजा झाल्याचे प्रकार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत.

आणखी एक गोष्ट अनेक डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. रुग्ण निम्म्या गोळ्या चुकवत असतो, त्यामुळे बीपी उतरत नाही, म्हणून डोस वाढवला जातो. मग डबी येते, सगळ्या गोळ्या वेळेवर पोटात जाऊ लागतात आणि बीपी किंवा साखर एकदम खाली येऊन रुग्णाला चक्कर येते. त्यामुळे डबी सुरू करण्याआधी चिठ्ठीची फेरतपासणी आणि सुरू केल्यावर पहिले काही आठवडे बीपी व साखर वरचेवर मोजणे अत्यावश्यक आहे. ज्याला आपली औषधे स्वतः व्यवस्थित सांभाळता येतात, त्याच्यावर डबी लादण्याचेही कारण नाही.

रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य असल्याचे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीत म्हटलेले आहे. अडचण दुसरीकडे आहे. १९४५ च्या औषध नियमांनुसार औषधांच्या पुनर्वेष्टनासाठी (मूळ वेष्टनातून काढून पुन्हा बांधण्यासाठी) स्वतंत्र परवाना लागतो, आणि एका रुग्णाच्या चिठ्ठीप्रमाणे आठवड्याची डबी भरून दिल्यास ते त्यात मोडेल की काय, या धास्तीने अनेक दुकानदार हात लावत नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने याविषयी लेखी खुलासा करून लेबलवर काय असावे याचा एक नमुना घालून द्यावा, अशी माझी विनंती आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांतून बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या एकदम दिल्या जातात. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे मेडिकल दुकानच कित्येक किलोमीटरवर आहे, तिथे निदान सूर्य-चंद्राची चित्रे असलेल्या दोन कागदी पाकिटांत त्या विभागून दिल्या आणि आशाताईंनी गृहभेटीत उरलेल्या मोजल्या, तरी मोठा फरक पडेल.

राहिला प्रश्न पैशांचा. डबीची किंमत किरकोळ आहे, पण ती भरून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या वेळी घाईत भरलेली डबी न भरलेलीपेक्षा वाईट. म्हणून तिन्ही जिल्ह्यांतील औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी एकत्र बसून आठवड्याला माफक सेवाशुल्क आधी ठरवावे. फुकट करू म्हणाल तर दोन महिन्यांत बंद पडेल, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
चोपडा, जि. जळगाव