मॅडम, तो बिंदू मी खोडला नाही

आदरणीय मॅडम,

नदीखोऱ्याच्या नियोजन गटाची जबाबदारी या महिन्यात माझ्याकडे आली. अभिनंदनाचे फोन घेताना सारखी तुमची आठवण येत होती. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण जलविज्ञानाच्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनीही ते वाचावं असं वाटतं.

माझा पहिला पावसाळा आठवतो का? पूर चढताना आणि ओसरताना, दोन्ही वेळा आपण एकाच पुलावरून प्रवाह मोजला होता. करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजणारं फिरत्या चाकाचं यंत्र, खाली सोडायचा, पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर धरायचा. पाणी खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर मोजून सरासरी काढायची. हेडफोन कानाला लावून चाळीस सेकंद त्याच्या फेऱ्यांची टिकटिक मोजायची. रात्री आलेखावर बिंदू मांडायला बसलो, तर एक बिंदू रेटिंग कर्व्हपासून, म्हणजे पाण्याच्या पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या रेषेपासून, पार बाजूला पडला. पातळी तीच, पण चढत्या पुरातला विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) ओसरत्या पुरापेक्षा बराच जास्त. मोजताना आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं समजून मी खोडरबर उचललं.

तुम्ही माझा हात धरलात. "हा आकडा नदीनं दिलाय. आधी तिला विचार, मग खोड."

मग रात्री उशिरापर्यंत तुम्ही समजावत राहिलात. पूर चढताना पाण्याच्या पृष्ठभागाला उतार जास्त असतो, म्हणून त्याच पातळीला वेगही जास्त. ओसरताना उतार कमी होतो आणि वेगही घटतो. त्यामुळे पातळी आणि विसर्ग यांचं नातं एका रेषेत न राहता आलेखावर त्याचा फास (लूप) होतो. पुस्तकात हे असतंच, पण मला ते त्या एका बिंदूमुळे कळलं. ते फील्डबुक मी अजून जपून ठेवलंय.

फ्रेंच अभियंता हेन्री डार्सीची गोष्टही तुमच्याकडूनच ऐकली. त्याने आधी दिजाँ शहराला लांबच्या झऱ्याचं पाणी बंदिस्त पाटाने आणून दिलं, आणि वाळूतून पाणी कसं झिरपतं याचे प्रयोग १८५६ मध्ये प्रसिद्ध केले, ते त्या शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथाला परिशिष्ट म्हणून. भूजलाचा पायाभूत नियम एका परिशिष्टात! लोकांच्या तहानेचं काम आणि विज्ञान तुम्ही कधी वेगळं मानलं नाहीत, ते का, हे मला तेव्हा उमगलं.

पूररेषेच्या अहवालाबद्दल तर तुमचे विशेष आभार. मी 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असं लिहिलं होतं. बैठकीत काठावरच्या एका आजोबांनी विचारलं, "मग आता शंभर वर्षं निवांत ना?" मी गप्प झालो. तुम्ही त्यांच्याशेजारी जाऊन बसलात आणि सांगितलंत, की असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते. तीस वर्षं याच घरात राहिलात तर तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. आजोबांनी घराच्या जोत्याची उंची विचारायला सुरुवात केली. परत आल्यावर मला न रागावता तुम्ही अहवालातलं ते वाक्य बदलून घेतलंत.

आणि धरणाचे दरवाजे उघडायचे की थांबायचं, या निर्णयाची ती रात्र. येव्याचे, म्हणजे धरणात येणाऱ्या पाण्याचे, दोन अंदाज एकमेकांशी जुळत नव्हते. वरिष्ठांना एकच आकडा हवा होता. तुम्ही दोन्ही अंदाज आणि त्यांच्यातली तफावत समोर ठेवलीत, आणि सगळ्यांत आधी नदीच्या वरच्या अंगाच्या गेजवर (पातळी मोजण्याच्या ठिकाणी) रात्रपाळीला असलेल्या माणसाला फोन लावलात: "दादा, पाणी तिथं कसं दिसतंय?" नेतृत्वावरची व्याख्यानं मी बरीच ऐकली, पण आता त्या खुर्चीत बसलो की मला तो फोनच आठवतो.

पुढच्या आठवड्यात नव्या मुलांना मी त्याच पुलावर नेणार आहे. तुमची तब्येत साथ देत असेल तर याल का? करंट मीटर मी उचलेन, तुम्ही फक्त टिकटिक ऐका.

तुमचा विद्यार्थी