आर्चरसाहेब आणि आमचे तात्या

नाशिक, १२ जुलै

प्रिय सदा,

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातो, एवढंच काय ते शौर्य. परवा नातीनं 'आजोबा, तुमचं लाडकं महायुद्ध' म्हणत 'एसएस-जीबी' लावून दिली. बीबीसीची २०१७ची मालिका, पाच भाग. दोन दिवसांत संपवली, आणि तेव्हापासून तुला लिहीन म्हणतोय.

१९४० साली विलायत हरली असं धरून चालायचं. आता नोव्हेंबर १९४१. चर्चिलला गोळ्या घातल्यात, राजा टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद. पहिल्याच दृश्यात राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर एक स्पिटफायर, इंग्रजांचं लढाऊ विमान, उतरतं. आपण ज्याच्या चित्रांवर जीव टाकायचो तेच विमान, पण आत बसलाय जर्मन वैमानिक. मागे पडझड झालेला बकिंगहॅम पॅलेस आणि त्यावर स्वस्तिकाचे झेंडे.

गोष्ट आहे स्कॉटलंड यार्डच्या डग्लस आर्चरची. खुनांचा तपास करणारा नावाजलेला अधिकारी, बायको गेलेली, मुलगा लहान. खुर्ची तीच, टेबल तेच, फक्त वर आता एसएसचा, म्हणजे हिटलरच्या खास नाझी दलाचा, साहेब बसलाय. आर्चर स्वतःला समजावत राहतो की खून हा खूनच, राज्य कुणाचंही असो, खुनी पकडायला कुणीतरी हवंच. त्याची सेक्रेटरी सिल्व्हिया बंडखोरांना मिळते, म्हातारा जमादार हॅरी आतल्या आत धुमसतो, आणि हा मात्र फाइल पुढे सरकवत राहतो. मग प्रेतावरच्या विचित्र भाजल्याच्या खुणांवरून गोष्ट अणुबॉम्बकडे जाते, अमेरिकन वार्ताहर बाई येते, गोळीबार, पाठलाग. तिथून पुढचं मला तितकं रुचलं नाही. हुथ नावाचा जर्मन अधिकारी झालेला लार्स आयडिंगर मात्र बघच. हसतो तेव्हा जास्त भीती वाटते. आर्चर झालेला सॅम रायली इतकं तोंडातल्या तोंडात बोलतो की आधी वाटलं माझेच कान गेले. पण तिकडच्या प्रेक्षकांनीही ऐकू येत नाही म्हणून तक्रारी केल्या होत्या म्हणे. बरं वाटलं.

याहून जुनी एक मालिका आहे, १९७८ची, 'ॲन इंग्लिशमन्स कॅसल'. तीनच भाग. त्यात पराभवाला बरीच वर्षं उलटलीत आणि रस्त्यावर एकही जर्मन गणवेश दिसत नाही. गरजच उरलेली नाही, सगळा कारभार इंग्रजच हाकतात. नायक टीव्हीसाठी लोकप्रिय कौटुंबिक मालिका लिहितो, काय लिहायचं नाही ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. मला हीच जास्त खरी वाटली. पण अशा गोष्टीला पोस्टरवर लावायला विमान कुठून आणणार?

बरं, हे सगळं 'समजा' म्हणून तरी का म्हणायचं? ग्वेर्नसी, जर्सी ही फ्रान्सजवळची बेटं, राजा ब्रिटिश, पोलीस ब्रिटिश. २८ जून १९४० रोजी जर्मन विमानांनी तिथल्या बंदरांवर बॉम्ब टाकले. ग्वेर्नसीच्या धक्क्यावर उभी वाहनं कसली होती ठाऊक आहे? टोमॅटोची! दोन दिवसांनी जर्मन उतरले ते मे १९४५पर्यंत राहिले. घड्याळं बर्लिनच्या वेळेवर लावली, गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावू लागल्या, आणि उंच टोपीवाला इंग्रज पोलीस जर्मन अधिकाऱ्यांच्या दिमतीला उभा राहिला. ज्यूंची नोंद करा असा हुकूम आला तेव्हा नोंदी तिथल्याच अधिकाऱ्यांनी केल्या. ग्वेर्नसीतून १९४२ साली तीन ज्यू बायका फ्रान्सला नेल्या, तिथून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत. तिघींपैकी एकही परतली नाही. आणि त्याच बेटावरचे काही पोलीस रात्री जर्मनांची कोठारं फोडून भुकेल्यांना धान्य वाटत होते. पकडले गेले, बेटावरच्या कोर्टानंही त्यांना चोर ठरवलं, जर्मनांच्या तुरुंगांत खितपत पडले. युद्ध संपल्यावर त्यांनी अपील केलं, तरी तो डाग पुसला गेला नाही.

हे वाचलं आणि मला तात्या आठवले.

लगेच भांडायला उठू नकोस. गोरा साहेब आणि नाझी एकाच तराजूत घालत नाहीये मी. विलायत जिंकल्यावर कुणाकुणाला उचलायचं याची अडीच हजारांहून जास्त नावांची यादी जर्मनांनी छापून तयार ठेवली होती, सतरा ते पंचेचाळीस वयाचे धडधाकट पुरुष युरोपात हलवायचा हुकूमही निघाला होता. ते प्रकरण निराळंच. मी बोलतोय ते खुर्चीतल्या माणसाबद्दल. इंग्रज लेखकाला पराभव कल्पून असा माणूस उभा करावा लागला. आपल्याकडे तो संध्याकाळी घरी यायचा, पाय धुवायचा आणि भाकरी मागायचा.

१९७२चा पंधरा ऑगस्ट आठवतो? तुझ्या आबांना स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट मिळाला, शाळेत सत्कार झाला. नंतर येरळेच्या वाळूत आपण कशावरून तरी जुंपलो आणि तू म्हणालास, 'तुझा आजा साहेबाचा चाकर.' मी तुझी कॉलर फाडली. घरी येऊन तात्यांना विचारलं, बेचाळीसला तुम्ही कुठं होता? म्हणाले, कचेरीत. बस्स.

९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळ्या सुटल्या, परशुराम घार्गे पडले, आणखी कितीतरी पडले. तुझे आबा बाहेर, मोर्चात. तात्या आत, दौतीशेजारी. त्यांनी खिडकीतून पाहिलं की कान झाकून घेतले, देव जाणे. राजीनामा दिला नाही एवढं खरं. घरात पाच तोंडं होती हेही खरं, पण आबांच्या घरी तरी कुठं कमी होती? आर्चरला लेखकानं शेवटी काहीतरी करायची संधी तरी दिली.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. ताम्रपटानंतर आबांना पेन्शनचा अर्ज करायचा होता. एका दुपारी ते आमच्या ओट्यावर आले. इतकी वर्षं गावात समोरासमोर येऊनही दोघं नीट बोलत नव्हते. आईनं चहा ठेवला. तात्यांनी चष्मा पुसला, कागद मांडीवर घेतला आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहायला बसले. नाव, गाव, वय विचारलं. मग अटकेची तारीख, शिक्षेची तारीख, येरवड्याला रवानगीची तारीख. आबा म्हणाले, 'कुठलं आठवतंय आता, तीस वर्षं झाली.'

तात्यांनी मान वर केली नाही. तिन्ही तारखा लिहून टाकल्या. अर्ज आबांच्या हातात दिला, आबांनी तो बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग दोघांनी चहा घेतला.

पावसाचं मान कसं आहे तिकडे? वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या