सुवर्णास पत्र

प्रिय सुवर्णा हिस,

प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

थोरल्या काकांना परवा रात्री अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे, बोलणं अडखळतंय. फोनवर सांगणार होते, पण त्यांचं नाव निघालं की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, तू माघार घ्यावीस म्हणून हे पत्र नाही. वार्षिक सभेत तू उठलीस आणि विचारलंस, साहाय्य निधीतून मदत मिळणाऱ्या विधवांच्या यादीत ठरावीक घरांचीच नावं का येतात? मी मागच्या बाकावर होते. तुझा आवाज कापत होता, तरी वहीतलं एकेक नाव तू शेवटपर्यंत वाचलंस. काकांनी टेबलावर हात आपटला, "मंडळीत फूट पाडू नकोस, खाली बस" म्हणाले. तू बसली नाहीस. मला इतका अभिमान वाटला, आणि तेवढ्यातच पोटात गोळा आला. आता ही इथे टिकत नाही, असं मनात आलं. झालंही तसंच. तू कुठल्याच उपासनेला जात नाहीस, असं धाकटा सांगतो. मग बाळा, तू प्रार्थना कोणाबरोबर करतेस?

फूट तू पाडलीस असं मी कधीच म्हणणार नाही. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत हीच कुरबुर झाली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी कोणाला गप्प बसवलं नाही. सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं बघ: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं. आणि लगेच पुढच्याच वचनात शिष्यांची संख्या फार वाढली असं लिहिलंय. तक्रार ऐकून घेतल्याने मंडळी मोडली नाही. हे मी काकांनाही सांगितलं होतं, सभेनंतर, त्यांच्या घरी जाऊन. तुला बोलले नव्हते.

दक्षिण आफ्रिकेतल्या बेल्हारच्या विश्वासांगीकाराबद्दल, म्हणजे तिथल्या एका चर्चने आपला विश्वास जाहीर मांडला त्या कागदाबद्दल, मला तूच सांगितलं होतंस. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने, म्हणजे महासभेने, 1857 साली 'काहींच्या दुर्बलतेमुळे' वेगवेगळ्या वर्णाच्या विश्वासणाऱ्यांना वेगळी उपासना घेण्याची मुभा दिली, आणि पुढे 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी चर्चच वेगळं झालं. गोऱ्यांना शेजारी बसवत नव्हतं, एवढीच ती दुर्बलता! वाचताना तू रागाने पान मिटलं होतंस. मग त्याच वेगळ्या काढलेल्या चर्चने 1982 मध्ये या विश्वासांगीकाराचा मसुदा केला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. देव खास करून गरिबांचा आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण सोबतच्या पत्रात त्यांनी हेही लिहिलं, की आमचा रोख माणसांवर नाही, खोट्या शिकवणुकीवर आहे. ज्यांनी बाहेर बसवलं, त्यांच्याशीच त्यांना समेट हवा होता. मला तो कागद म्हणूनच मोठा वाटतो. त्यात न्यायावर पांघरूण घातलेलं नाही आणि दारही लावून घेतलेलं नाही.

पौलाचंही तेच. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठून गेला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर, सगळ्यांसमोर दोष दिला. पण त्यानंतरही यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करून ती स्वतः घेऊन गेला. भांडण झालं म्हणून त्याने तिथली वाट सोडली नाही. तू सोडशील का, ही एकच भीती मला खाते. एकट्याने धरलेला खरेपणा हळूहळू कडू होत जातो. समोर चुकणारं कोणी नसतं, तसं आपल्याला अडवणारंही कोणी नसतं. मग माणूस...

बघ, प्रवचन सुरू झालंच. माफ कर. एवढं शास्त्र तुलाही येतं, माझ्याहून जास्तच येतं.

काल रात्री त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हा रविवारच्या शाळेतलं ते पाठांतर आठवलं. पहिलं बक्षीस तुला मिळालं होतं. तू ते घेतलंस आणि तशीच वळून परीक्षकांच्या टेबलाशी गेलीस. म्हणालीस, त्या दुसऱ्या मुलीला सगळी वचनं विचारलीच नाहीत, ती अडखळते म्हणून मध्येच थांबवलं. परीक्षक काकाच होते. त्यांनी सगळ्यांना परत बसवलं, त्या मुलीला हवा तेवढा वेळ दिला. तिने मीखा संदेष्ट्याचं सहाव्या अध्यायातलं वचन शेवटपर्यंत म्हटलं, नीतीने वागणं, दयेची आवड, देवासमोर नम्रपणे चालणं, सगळं. बक्षीस तिला गेलं. काका तुला खांद्यावर घेऊन घरी आले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, ही बघा आमची पोर. त्या दिवशी ऐकणारा माणूस आणि सभेत हात आपटणारा माणूस एकच आहे, हे मला अजून नीट पेलत नाही. तुलाही पेलत नसेल.

आता तेच अडखळताहेत. तुझं नाव घ्यायला त्यांना वेळ लागतो, पण ते घेतात. पश्चात्ताप झालाय असं मी तुला खोटं सांगणार नाही. यादीबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत. तरी येऊन जा. जकातदार जक्कयाने लोकांचं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं ते प्रभू त्याच्याकडे उतरल्यावर, आधी नाही. जेवढा वेळ बसवेल तेवढाच बस, काही बोलू नकोस हवं तर. पण म्हणून तुझा प्रश्न मागे घेऊ नकोस. दोन्ही कर. जमेल का, मला माहीत नाही. आणि खोलीवर एकटीच असशील तर निदान त्या मैत्रिणीला तरी बोलाव, दोघी मिळून प्रार्थना करा. परत तेच लिहिलं. राहवत नाही गं.

भेटायला संध्याकाळी सोडतात. रात्री आलटून पालटून मी आणि काकू असतो.

आणखी एक. पंच कमिटीने निधीचा हिशोब पुन्हा तपासायचं ठरवलंय, दोन नवीन माणसं घेतलीत, त्यांत त्या यादीबाहेरच्या घरातली एक बाई आहे. त्यांनी तुझी वही मागितली. ती माझ्या कपाटात आहे, पण तुला विचारल्याशिवाय देणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. द्यायची की तू स्वतः येऊन देणार, तेवढं कळव.

तुझी,
आई